देवीनं मागितलेली पेज

मार्गशीर्ष लागला की आमच्या घरात माझा भाव वधारतो. एरवी मी महाडच्या या फ्लॅटमधली एक म्हातारी. टीव्हीचा आवाज मोठा ठेवणारी, डॉक्टरांनी बंद केलेलं लोणचं डब्यांच्या मागून हुडकून काढणारी. पण मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी आमची सून मानसी घट मांडते, कलशात पाच झाडांची पानं खोचते आणि पूजेचा पहिला नारळ माझ्या हातात देते. शेजारणी आल्या की त्यांना आवाज खाली आणून सांगते, "आमच्या आईंच्या लहानपणी अंगात आलं होतं. पोथी वाचता वाचता." मग त्या बायका वाकतात. मी पाय पुढे करते. गुडघा दुखतो म्हणून एकच करते.

यंदाही तो महिना आला. सावित्रीवरचं धुकं सकाळी पुलाच्या कठड्यापर्यंत चढू लागलं, बाजारात नव्या तांदळाची पोती उघडी पडली, त्यांचा तो ओलसर, दुधाळ वास रस्त्यापर्यंत यायला लागला. आणि दहावीतली माझी नात सई म्हणाली, "आई, मी पण गुरुवार धरू?"

मानसीला कोण आनंद! आजकालच्या मुली कुठे असं करतात, म्हणून तिनं बहिणीला फोनसुद्धा केला. पुढच्या आठवड्यात गुरुवाराला सोमवार येऊन मिळाला. मग चतुर्थी. मग परीक्षा आहे म्हणून मारुतीचा शनिवार. माझा मुलगा संजय म्हणाला, "आजीवर गेली हो पोर." सगळे हसले. मीही हसले, पण तिच्या ताटाकडे बघत. भक्ती मला फारशी ओळखू येत नाही. ही चाल मात्र तोंडपाठ होती. या खेळाचा शोध मीच लावला होता, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

माझ्या माहेरची वाडी उमरठच्या वर, डोंगराच्या कुशीत. महिना हाच. खळ्यावर भात झोडून झालेलं असायचं, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या असायच्या, आणि सकाळी त्यांच्यावर दव असं बसायचं की हात फिरवला तर कोपरापर्यंत भिजावा. रिकाम्या शेतात ओल होती तोवर वाल पेरायचे. शेकोटीत कुणीतरी सुका बोंबील टाकायचं आणि त्या वासानं अख्खी वाडी जागी व्हायची. नव्या तांदळाची पेज. वर मिठाचा खडा, बाजूला आंब्याची फोड. मी दोन वाडगे प्यायचे आणि तिसऱ्यासाठी भांड्यात डोकावायचे. माझे चुलते मला कणगी म्हणत. धान्य साठवायची बांबूची कणगी असते ना, गोल, बुटकी, शेणानं सारवलेली, तशी.

"आली गो आमची कणगी! उंदीर लागला नाय ना?"

सगळे हसायचे. मी सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. हसण्याचा अर्थ मला मान्य आहे असा सगळ्यांनी घेतला. मीही घेतला.

शेवंता माझं नाव. पंधरा संपून सोळावं लागलेलं. ती शेवंता आज मला कुठे भेटली तर पहिल्यांदा मी तिच्या कानाखाली वाजवीन आणि मग जवळ घेईन. काय तिचा तोरा! वाडीत सातवी पास झालेली पहिली मुलगी. कोळशानं स्वतःचं नाव कुठे कुठे लिहून ठेवलं होतं, पडवीच्या भिंतीवर, उखळावर, एकदा तर झोपलेल्या म्हशीच्या पाठीवर. म्हैस काळी, कोळसा काळा. एवढंही त्या विद्वान बाईंना कळलं नव्हतं.

तिला पुढे शिकायचं होतं. महाडला मावशी होती, मावशीच्या घरापासून शाळा चार हाकांवर. मावशीनं मास्तरांना विचारून ठेवलं होतं, जुन्या चादरीचं एक दप्तरही शिवून धाडलं होतं. आणि आईनं, माझ्या आईनं, कापणीच्या आधी माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "भात घरात येऊ दे गो. मंग जा तू महाडला."

त्या कापणीत मी जेवढी राबले तेवढी जन्मात राबले नाही. दोन बायांचं काम एकटीनं ओढत होते. भात घरात यायची घाई अख्ख्या वाडीत फक्त मला होती.

भात घरात आलं. आणि एक दिवस खळं झाडून झाल्यावर चार पाहुण्यांचा निरोप आला, शेवंताला बघायला येतायत. मुलगा मुंबईत कामाला. ते आले, बसले, चहा प्यायले, गेले. मध्यस्थ बाईनं दोन दिवसांनी कळवलं, पोरगी अंगानं जरा जास्तच भरलेली हाय, त्यांना नाय पटली.

ही गोष्ट मी आजवर शंभरदा तरी हसत हसत सांगितली आहे. जाड म्हणून नाकारलं, म्हणून मी रागानं जेवण सोडलं, काय तरी खूळ. ऐकणारेही हसतात. खाण्याच्या सगळ्या दुखण्यांची अशीच एक सोपी गोष्ट असते, नटण्यामुरडण्याची. ती सांगायला बरी पडते, कारण तिच्यात वेडी फक्त एकच असते, न जेवणारी.

गुरुवारचं व्रत तेव्हा आमच्या वाडीत नवंच होतं. चाकरमान्यांच्या बायकांनी मुंबईहून आणलेलं. पोथीही त्यांनीच आणलेली, पण वाचणार कोण? सातवी पास शेवंता. बायका माझ्या अंगणात बसायच्या, मी पाटावर. महाडच्या शाळेत मी जे वाचणार होते त्याच्याऐवजी ती पोथी वाचायचे. आणि वाचणारणीनं उपास धरायचा, हे ओघानंच आलं. एकदा उपास म्हटलं की कुणी विचारत नाही. मला फार सोयीचं झालं. गुरुवारला सोमवार जोडला, सोमवारला आणखी दोन वार. पानावर बस म्हणून ओरडणारी वाडी आता म्हणायला लागली, "काय पोर हाय! देवाची हाय!" चुलत्यांनी कणगी म्हणायचं सोडलं. शेवंताबाईंना वाटलं, आपण जिंकलो. खोटं कशाला सांगू, तो मान मला आवडला. तिकडे केस गळत होते, उन्हातसुद्धा थंडी वाजत होती, आणि मी मात्र घटाशेजारी दुसरा घट होऊन बसले होते.

शेवटच्या गुरुवारी वाचता वाचता अक्षरं हलायला लागली. ओळी पाण्यात पडल्यासारख्या. मग मी पडले. डोळे फिरले असतील, हातपाय कापले असतील, मला माहीत नाही. शुद्ध येता येता एवढंच कळलं की बायका हात जोडून गोल उभ्या आहेत, कुणीतरी कपाळभर कुंकू थापलंय, आणि आईचा कान माझ्या ओठांना टेकलाय.

मी म्हणाले, "आई, पेज."

तिनं ऐकलं. मी ठामपणे सांगते, तिनं नीट ऐकलं. तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. मग ती उठली, पदर डोक्यावर सारखा केला आणि साऱ्या वाडीला सांगितलं, "देवी बोलते, ह्याच साली पोरीला उजवा."

पेज आली नाही. नारळ आले. अकरा.

त्याच वर्षी माझं लग्न झालं. मुलगा महाडचाच निघाला, म्हणजे देवीनं एक इच्छा तिच्या पद्धतीनं पुरी केली. मी महाडला आले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसायचं. मावशी रोज दुपारी येऊन बसायची, जेवणाविषयी चकार शब्द काढायची नाही, नुसती समोर बसून तिच्या शेजारणींच्या चहाड्या सांगायची. ऐकता ऐकता माझे दोन घास जास्त जायचे. आईला मात्र मी कधी विचारलं नाही, असं का केलंस म्हणून. ती गेली तेव्हा तिच्या उशाशी बसून होते. तोंडापर्यंत आलं होतं. तिनंच डोळे मिटून घेतले.

तर सई.

सई कबड्डी खेळते. खेळायची. शाळेच्या संघात डाव्या कोपऱ्यात, आणि पकड अशी की दासगावच्या मैदानावर एकदा तिनं धरलेली मुलगी पंचांना म्हणाली, "सर, हिला सोडायला सांगा." मी पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले होते. शिट्टी मारता येत नाही म्हणून ताट वाजवत होते. दिवाळीनंतर जिल्ह्याचे सामने होते. संघ निघाला त्यात सई नव्हती. सरांनी सांगितलं, वजन बसत नाही. त्या वयाच्या संघाला वजनाची मर्यादा असते. सई गप्प घरी आली, बूट माळ्यावर टाकले आणि अभ्यासाला बसली. आम्ही म्हटलं, शहाणी पोर.

मग तो गुरुवार, तो सोमवार. एकदा तिला डबा गॅलरीखालच्या गाईपुढे रिकामा करताना मी बघितलं. गाईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू आम्ही दोघी कटात आहोत. मी मानसीला सांगितलं. मानसी म्हणाली, "आई, उपास आहे तिचा." मी म्हटलं, "मानसी, मी उपासांची महामंडलेश्वर आहे. मला शिकवू नकोस. डॉक्टरकडे चल."

सईला ते कळलं तेव्हा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तू चुगली केलीस?"

"केली."

"मला वाटलं, तुला तरी कळेल."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मी तयारी करून गेले होते, की हल्लीच्या मुलींचं मोबाईल बघून बघून असं होतं वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. आधी नाडी बघितली, रक्त तपासायला दिलं, उपास ताबडतोब बंद केले आणि पनवेलच्या मनाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. मग म्हणाल्या, "आजी, याला एकच कारण कधी नसतं. कुणाचा स्वभावच सगळं चोख करण्याचा असतो. कुणाच्या घरात अंगावरून बोलायची सवय असते. मोबाईलही त्यात असेल. पण बऱ्याचदा असं दिसतं की मुलांच्या हातून काहीतरी मोठं निसटलेलं असतं, आणि त्यांच्या हुकमात एकच गोष्ट उरते, आपलं तोंड. मुलं मग तीच घट्ट धरून बसतात. सोडा म्हणून ओरडलं की जास्तच."

आणि सईकडे वळून विचारलं, "पहिलं ताट कधी परत गेलं गं? आठवतं?"

प्रश्न सईला होता. पण बाकावर बसल्या बसल्या मीही माझं पहिलं ताट आठवायला लागले. पाहुण्यांचा नकार कळला तो दिवस? नाही. त्याच्या आधी. पाहुणे यायच्याही आधी. एका संध्याकाळी आई वाल पेरून शेतातून आली, आणि तिच्या खांद्याला माझं दप्तर होतं. मावशीनं शिवलेलं. त्यात उरलेलं वालाचं बी होतं. तिनं ते खुंटीला टांगलं आणि म्हणाली, "बरी हाय गो पिशवी, मजबूत." मी भाकरी पुढे सारली आणि म्हटलं, भूक नाय.

इतकी वर्षं मी जाडीची गोष्ट सांगत होते आणि मूळ गोष्ट खुंटीला लटकत होती.

सई म्हणाली, "सरांनी वजन बसत नाही सांगितलं त्या दिवशी. मर्यादा किती ते नाही सांगितलं. मग मी वजन बसवलं. शाळेच्या काट्यावर जाऊन दाखवलं. तर सर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. म्हणजे अजून कमी हवं असणार, म्हणून..."

आमच्याबरोबर आलेला संजय फरशीकडे बघत होता. मी मुलाकडे बघत होते. आणि इथं मला लिहिता लिहिता जरा पाणी पिऊन यावंसं वाटतंय.

कारण वजनाचं काही नव्हतंच. सई मर्यादेत बसत होती. दहावीच्या वर्षी सामने नकोत असं संजयच्या मनात होतं, पण त्यानं जूनमध्ये लेकीला शब्द दिला होता, जिल्ह्यापर्यंत खेळ, मग बंद. शब्द मोडायचा कसा? दिवाळीत, करंज्या तळताना, तो माझ्याजवळ येऊन बसला होता. "आई, ती माझं तोंड बघणार नाही." आणि मी, झारा तेलात धरून, अगदी मजेत म्हटलं होतं, "त्यात काय? सरांना जाऊन भेट. म्हणावं, वजन बसत नाही असं सांगा. तेवढं म्हटलं की मुली गप्प बसतात."

मुली गप्प बसतात. हे मला कुणी शिकवलं होतं? मला स्वतःला इतकं पक्कं माहीत होतं की मी ते हत्यारासारखं वापरलं. आईनं देवीच्या तोंडात शब्द घातले, मी सरांच्या. ती निदान अडाणी होती.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आला. हळदीकुंकवाला शेजारणी आल्या. मानसीनं सवयीनं सुरू केलं, "आमच्या आईंच्या लहानपणी..." आणि त्यातली एक सईच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "नात पण अगदी तशीच हो. कशी बारीक, तेजस्वी दिसतेय!"

मी म्हटलं, "देवी-बिवी काही आली नव्हती. भुकेनं चक्कर आली होती मला. आईला पेज मागितली, तिनं लोकांना भलतंच सांगितलं. आणि मीही नारळ बघून गप्प बसले."

कुणाच्या हातातलं कुंकू खाली सांडलं. मानसी म्हणाली, "आई, अहो..." शेजारणींनी केळी पिशवीत टाकली आणि लवकर निघाल्या. एकीनं दारातून मागे वळून घटाला पुन्हा हात जोडले, बहुतेक माझ्या वतीनं माफी मागितली.

दुसरं जे होतं ते चारचौघांत सांगायचं नव्हतं. स्वयंपाकघरात सईला सांगितलं. करंज्यांपासून सगळं. संजय दारात उभा होता. मी त्याला वाचवलं नाही, स्वतःलाही नाही.

तिनं आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"म्हणजे मी बसत होते?"

"बसत होतीस."

"आणि मी हे सगळं करत होते, तेव्हा तुम्ही बघत होतात?"

संजय म्हणाला, "बाळा, मला वाटलं नव्हतं असं होईल..."

"तू बोलू नकोस." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तू मला न जेवण्यावरून डॉक्टरकडे नेतेस. तू तरी कुठे जेवतेस? सगळ्यांचं झालं की ओट्यापाशी उभी राहून जेवतेस. किती घेतेस ते कुणी बघू नये म्हणून. मी लहानपणापासून बघतेय."

मला वाटायचं, माझी ही चोरी कुणाला ठाऊक नाही. पदराखाली झाकलेलं ताट घरातल्या सगळ्यांत लहान डोळ्यांनी कधीच बघून ठेवलं होतं. मी तिला पाढे शिकवले, लोणचं चोरायला शिकवलं, आणि न बोलता हेही.

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पनवेलला जाऊन आली. संजय सरांकडे गेला, सरांना घेऊन घरी आला. सरांनी सईची माफी मागितली. सामने तोवर होऊन गेले होते. नव्या डॉक्टरांनी सांगितलं, तब्येत भरून येईस्तोवर मैदान नाही. म्हणजे जे खोटं म्हणून सांगितलं होतं ते आम्ही खरं करून ठेवलं होतं, फक्त काट्याच्या दुसऱ्या बाजूनं. घरात आता वजन हा शब्द कुणी काढत नाही. बूट माळ्यावरून खाली आले आहेत. ते तिनंच काढले. दाराशी ठेवलेत, पुसून.

चौथ्या दिवशी दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. सई आली, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"देवी असताना तू काय म्हणाली होतीस, नक्की?"

"पेज दे म्हणाले होते."

"आणि दिलीच नाही कुणी?"

"नाही."

तिनं माझ्या पुढ्यातल्या तांदळाकडे बघितलं. मग म्हणाली, "कर मग."

नव्या तांदळाची पेज सांगून होत नाही, तिला उभं राहून ढवळावं लागतं. तो दुधाळ वास घरभर झाला. मीठ घातलं. दोन वाट्या भरल्या आणि सवयीनं माझी ओट्यावर ठेवली. सईनं ती उचलून टेबलावर आणली, माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि समोर बसली.

"आधी तू."

इतक्या वर्षांत कुणी माझ्या घासाकडे असं बघितलं नव्हतं. ती बघत होती, चढाईला आलेल्याचा पाय रेषेला लागला की नाही ते पंच बघतो तशी. मी पहिला घोट घेतला. मग तिनं.

"मी तुला माफ केलेलं नाहीये."

"माहीत आहे."

"बाबाला पण नाही."

"त्याला तर एवढ्यात करूच नकोस."

तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला, पण तिनं तो आवरला. तिची वाटी अर्धी झाली होती आणि ती तिथेच थांबली होती. मी तिच्या वाटीकडे बघायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून मी खिडकीबाहेर बघत होते.

"बाहेर काय बघतेस?" ती म्हणाली. "तुझी संपव."

मला ती वाटी संपवायला पाऊण तास लागला. सई उठली नाही.